गोळी चिकटवायची की तरंगवायची?

सांगली, जुलै

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तुझा फॉर्म्युला पाहिला. औषध हळूहळू सुटावं म्हणून गोळी जठरात टिकवायची, तर ती तरंगायलाही हवी आणि भिंतीला चिकटायलाही, असं दोन्ही मागतो आहेस. तरंगणारी गोळी भिंतीला टेकणार कधी? आधी एक ठरव. चिकटवायची असेल तर तरंगवण्यासाठी घातलेलं सोडियम बायकार्बोनेट काढून टाक. त्याच्या बुडबुड्यांनी भिंतीवरची पकडही सैल होते.

एचपीएमसी, म्हणजे औषध हळू सोडणारं सेल्युलोजचं पॉलिमर, कसं वागतं ते पिठल्याच्या गुठळीत दिसतं. बाहेरचं पीठ भिजून चिकट होतं, पाणी तिथेच अडतं, फोडली तर आत कोरडं पीठ. गोळीभोवतीही असाच जेलचा थर धरतो आणि औषध त्यातून वाट काढत बाहेर येतं. मेटफॉर्मिनसारखं पाण्यात झटकन विरघळणारं औषध असेल तर एचपीएमसीच्या के4एम या प्रतीपेक्षा दाट जेल देणारी के100एम ही प्रत घे, गोळीच्या वजनाच्या 30 टक्क्यांपासून सुरू कर. कमी पडलं तर थर धरायच्या आतच औषध भसकन सुटतं.

पकडीसाठी कार्बोपॉल हे चिकट पॉलिमर, 5 ते 10 टक्के. आम्लात त्याचे कार्बॉक्सिल गट आयनीभूत होत नाहीत, म्हणून म्युसिनशी, म्हणजे जठराच्या बुळबुळीत श्लेष्म्यातल्या प्रथिनाशी, हायड्रोजन बंध जुळतात. मात्र फार पाणी प्यायलं की तेच बुळबुळीत होऊन घसरतं. पूड पाण्याने भिजवून ग्रॅन्युल (दाणे) करायला जाऊ नकोस, गोंदाचा गोळा होईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापर. या पावसाळी हवेत डबा उघडा राहिला तर पूड गोळी दाबणाऱ्या यंत्राच्या पंचला चिकटलीच म्हणून समज. पूड यंत्राला चिकटू नये म्हणून घालायचं मॅग्नेशियम स्टिअरेट 1 टक्क्याच्या आत, सगळ्यात शेवटी, 2-3 मिनिटंच मिसळ. जास्त फिरवलंस तर कणांवर मेणचट लेप बसतो, गोळी भिजत नाही आणि चिकटतही नाही.

गोळी किती घट्ट चिकटते याच्या चाचणीसाठी खाटकाकडे नुसती वजडी मागू नकोस. ती बहुधा रवंथाच्या कप्प्याची मिळते, तिच्या अस्तरातून श्लेष्मा सुटतच नाही. बकऱ्याच्या पोटाचा चौथा कप्पा माग, त्याच दिवशी वापर, सलाइनने हलकेच धू. घासलास की श्लेष्मा गेला! गोळी किती वजनाखाली किती वेळ दाबून ठेवलीस हे प्रत्येक वेळी तेवढंच ठेव, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

विरघळण चाचणी 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, 900 मिलि, 37 अंशांवर घेशील तेव्हा भांड्याजवळच थांब. गोळी काचेच्या तळाला चिकटली तर तिची एक बाजू झाकली जाते आणि औषध हळू सुटल्यासारखं दिसतं. तो आलेख पॉलिमरच्या खात्यावर मांडू नकोस. सिंकर, म्हणजे गोळीभोवतीचं तारेचं वेटोळं, लावून चाचणी पुन्हा घे.