मी शोधत नाही हो, नजरच तिथे जाते!

(मनाचे प्रश्न, वाचकांचे : उत्तरं देतात मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका)

मॅडम, माझ्या मिस्टरांचं गेल्या वर्षी कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता तब्येत चांगली आहे. पण सकाळी पेपर उघडला की 'गाठ' हा शब्द असेल तिथेच माझी नजर जाऊन बसते. मग ती बातमी लग्नगाठीची असो की कुणाची कुणाशी गाठ पडल्याची. छातीत धस्स होतं, पुढच्या चार ओळी वाचून काही कळत नाही. मुलगी म्हणते, तू मुद्दाम शोधतेस. माझं डोकं बिघडलंय का? – एक वाचक, मिरज

ताई, डोकं ठणठणीत आहे. मुलीला हे उत्तर वाचून दाखवा.

बी.ए.च्या प्रात्यक्षिकांत आम्ही एक प्रयोग दरवर्षी घ्यायचो. ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या कापायच्या आणि स्केचपेनने त्यांवर रंगांची नावं लिहायची. मात्र 'लाल' लिहायचं हिरव्या शाईत आणि 'निळा' पिवळ्या शाईत. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याने, शब्द वाचायचा नाही, नुसता शाईचा रंग सांगायचा. दुसरा विद्यार्थी स्टॉपवॉच धरून बसतो. पहिले दोन-तीन शब्द प्रयुक्त झोकात सांगतो, मग 'ला... हिरवा' म्हणून जीभ चावतो आणि मागच्या बाकावर हशा पिकतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली हा प्रयोग छापला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्याच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले आणि अशा उलट्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११० सेकंद. वाचू नका म्हटलं तरी साक्षर माणसाला वाचल्याशिवाय राहवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या प्रश्नाशी संबंध येतो तो पुढच्या पायरीवर. निकालाच्या सुमारास मी पट्टीवर रंगांऐवजी साधे शब्द लिहायची : खिडकी, एटीकेटी, चमचा, गुणपत्रिका, सतरंजी. काम तेच, शाईचा रंग सांगायचा. ज्याचा विषय राहिलेला असे, तो 'एटीकेटी'पाशी हटकून रेंगाळायचा. गंमत म्हणजे त्याच्यानंतरच्या 'चमच्या'वरही रेंगाळायचा. आमच्या वर्गातली पट्टी म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण रीतसर प्रयोगांतही हे दिसलेलं आहे. झोंबणाऱ्या शब्दाचा परिणाम त्याच शब्दापाशी संपत नाही, पुढच्या शब्दावरही सांडतो. पुढच्या चार ओळी कळत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, ते हेच.

ब्रिटनमधल्या अँड्र्यू मॅथ्यूज आणि कॉलिन मॅक्लाउड यांनी १९८५ मध्ये चिंतेच्या विकाराचे रुग्ण आणि इतर माणसं यांना असे शब्द दाखवले. रुग्णांना धास्तीच्या शब्दांचे रंग सांगायला जास्त वेळ लागला. त्यातही आजार-मरणाच्या शब्दांवर अडखळले ते मुख्यतः शरीराची काळजी वाहणारे. म्हणजे शब्द सगळ्यांना एकच असला तरी ज्याचं जिथे दुखतं तिथेच तो लागतो. तुमच्या शेजारीण बाई 'गाठ' सहज ओलांडून जात असतील. 'प्लॉट' किंवा 'सातबारा' दिसला की त्या थबकत असतील, कोण जाणे.

हे सगळं फार झटपट घडतं. जर्मनीत कॉन्स्टान्झ विद्यापीठात योहाना किसलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना डोक्यावर इलेक्ट्रोड लावून नुसते शब्द मनात वाचायला दिले. बाकी काही करायचं नव्हतं. भावना चाळवणारा शब्द डोळ्यांपुढे आल्यावर सुमारे पाव सेकंदात मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागातली विद्युत हालचाल भावना न चाळवणाऱ्या साध्या शब्दांपेक्षा वेगळी दिसली. पाव सेकंदात माणूस 'आता शोधू या' असं ठरवेल कधी आणि शोधेल कधी? तिथे आणखी एक गोष्ट दिसली, ती मला फार आवडते. हे केवळ वाईट शब्दांचं नव्हतं, सुखाचे शब्दही तसेच उठून दिसले आणि नंतर जास्त आठवले. घरी बाळ येणार असलं की 'बारसं' हा शब्दही असाच डोळ्यांत भरतो, पण त्याबद्दल मला कुणी पत्र लिहीत नाही.

हे काम करतो कोण? एकटा कुणी नाही, पण त्यात अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाचा वाटा मोठा आहे. तो कानाच्या पातळीवर, मेंदूत आत, डावा-उजवा असा दोन्हीकडे असतो. अ‍ॅडम अँडरसन आणि एलिझाबेथ फेल्प्स यांचा २००१ चा प्रयोग आहे. शब्द इतक्या भराभर दाखवायचे की त्यांतून टिपायला सांगितलेल्या, लागोपाठ येणाऱ्या दोन शब्दांतला दुसरा निसटतो. तो दुसरा शब्द भावनेने भारलेला असेल तर साधारण माणसाच्या कमी निसटतो. डाव्या किंवा दोन्हीकडच्या अमिग्डालाला इजा झालेल्यांना मात्र ही सवलत मिळाली नाही. त्यांच्या हातून दोन्ही प्रकारचे शब्द सारखेच निसटले.

आता एक खुलासा. पानाच्या पार दुसऱ्या टोकाचा शब्द तुम्हाला 'ओढून' घेतो असं वाटतं, ते पूर्ण खरं नाही. बारीक टाइपातलं अक्षर नजरेच्या कडेने वाचताच येत नाही. नजर पानभर भिरभिरत असते, शंभर शब्दांवरून घसरते आणि या एकावर अडते. उरलेले नव्व्याण्णव तुम्ही विसरता, म्हणून 'तिथेच नजर गेली' असं वाटतं.

आणि हे कायमचं नसतं. १९८६ मध्ये फ्रेझर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी आठ पायांच्या कोळ्याची भीती असलेल्यांवर हाच रंगांचा प्रयोग केला. कोळ्याशी जुळणाऱ्या शब्दांवर ती माणसं चांगलीच अडकली. मग भीतीवर उपचार झाले आणि ते अडकणं कमी झालं. शब्द तेच राहिले, भीती उतरली. म्हणून पेपर बंद करू नका आणि ती बातमी झाकून पुढेही जाऊ नका. लग्नगाठीची बातमी असली तर ती शेवटपर्यंत वाचा, कुणाचं लग्न तेही बघा. मिस्टरांच्या फॉलोअपच्या तारखा जवळ आल्या की त्रास वाढेल, तेव्हा घाबरू नका. झोप उडाली, जेवण जाईना, असं झालं तर मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊन या.

वडिलांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'पाणी' म्हणता येत नाही, खुणा करतात. पण हातातून चमचा पडला की सणसणीत शिवी देतात, अगदी स्पष्ट. जन्मात त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. आई रडते. शेजारचे काका म्हणतात, शिवी येते मग बोलता कसं येत नाही, सोंग आहे. – एक वाचक, बार्शी

काकांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की या विषयातला सगळ्यांत गाजलेला रुग्ण असाच होता. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचे एक गृहस्थ वीसेक वर्षं होते. काहीही विचारा, उत्तर एकच : 'ताँ, ताँ.' समजायचं सगळं. समोरच्याला आपलं म्हणणं कळेना की ते संतापायचे आणि तेवढ्यापुरती एक शिवी तोंडून बाहेर पडायची. १८६१ मध्ये ते वारले. पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्यांचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. बोलण्याच्या त्या भागाला आजही ब्रोकाचंच नाव आहे.

'मला पाणी दे' हे वाक्य दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, आणि ते जुळवणारी यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असते. शिवी जुळवावी लागत नाही. संतापासकट ती अख्खीच्या अख्खी बाहेर येते. त्यात मेंदूची उजवी बाजू आणि खोलवरचे भाग कामाला येतात असं मानतात. आईंना सांगा, वडिलांचा स्वभाव बदललेला नाही. शिव्या बाजारात, एसटी स्टँडवर, तालमीत आपण सगळेच ऐकतो. ऐकलेलं आत असतंच, सभ्य माणूस ते ओठांवर येऊ देत नाही.

त्यांना ओरडू नका आणि हसूही नका. त्याऐवजी एक करून बघा. त्यांच्यासमोर बसून सावकाश एक, दोन, तीन म्हणायला लागा. वार म्हणा, 'सुखकर्ता दुखहर्ता' म्हणा, चाल लावून. पाठ झालेलं बोलणं पुष्कळ रुग्णांना येतं. ते आलं म्हणजे 'पाणी' लगेच येईल असं नाही, पण सुरुवातीला धरायला काहीतरी मिळतं. स्पीच थेरपिस्टकडे अजून गेला नसाल तर याच आठवड्यात जा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते.

मोबाइलवर 'इमोशनल स्ट्रूप' टेस्ट दिली. इंग्रजी शब्द होते. निकाल आला : 'हाय अँक्झायटी'. मी बी.एस्सी.ला आहे. खरं मानू का? – लातूर

मुळीच नाही. 'इमोशनल स्ट्रूप' म्हणजे वरच्या 'एटीकेटी'च्या पट्टीसारखीच चाचणी. वर सांगितलेले प्रयोग गटांच्या सरासरीचे आहेत. एकाच माणसाने हीच चाचणी सकाळी आणि संध्याकाळी दिली तर आकडे इकडचे तिकडे होतात. त्यावरून एकट्यादुकट्याचं निदान कोणी शहाणा करत नाही. मेंदूच्या लहरींचंही तसंच आहे, डझनावारी शब्दांची सरासरी काढल्यावर तो फरक दिसतो.

त्यात चाचणी इंग्रजीत. बोस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, तुर्की ही मातृभाषा आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांवरचा घाम मोजला. लहानपणी खाल्लेली बोलणी तुर्कीत ऐकताना तो जास्त वाढला, तीच इंग्रजीत ऐकताना कमी. मराठीत वाढलेल्या मुलाला इंग्रजी शब्दांनी मोजायचं आणि वर शिक्का मारायचा, हा निव्वळ चावटपणा आहे. ते अ‍ॅप काढून टाक. आणि अ‍ॅप शोधावंसं वाटलं त्यामागे खरंच काही घालमेल असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.