आधी खाली उतर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. असानच्या टेकडीवर उभा राहिलास, निळं पाणी आणि प्रवाळाच्या रीफची पांढरी रेघ पाहिलीस, आणि इथं युद्ध झालं हे मनाला पटेचना. वर विचारतोस, माझ्यातच काही कमी आहे का? कमी तुझ्यात नाही रे. तू चुकीच्या टोकापासून सुरुवात केलीस. आधी खाली उतरायला हवं होतं.

ग्वाम या पॅसिफिकमधल्या अमेरिकी बेटावरचा असान बे ओव्हरलुक म्हणजे महाबळेश्वरचा पॉइंट नव्हे. 21 जुलै 1944 च्या सकाळी त्या डोंगराच्या कडांवर जपानी सैनिक दबा धरून बसले होते, आणि खाली, असान पॉइंट आणि अडेलुप पॉइंट या दोन टोकांच्या मधल्या पुळणीवर अमेरिकेची तिसरी मरीन डिव्हिजन उतरत होती. तुला जो देखावा वाटला, तो मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, डागणाऱ्याचा देखावा होता. खालच्या पोराला समोर फक्त डोंगर दिसत होता. गड नाही का, गाडीनं माथ्यावर गेलेल्याला दरी दिसते आणि पायथ्यापासून चढलेल्याला गड कळतो. तसंच हे. म्हणून म्हणतो, आधी खाली उतर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी आमचं जहाज ग्वामच्या आप्रा हार्बरला लागलं होतं. शोर लीव्ह, म्हणजे जहाजावरून उतरायची सुट्टी, जेमतेम चार तासांची. दोन कॅडेट घेऊन मी थेट वर गेलो आणि बोटानं दाखवत भाषण ठोकलं: इथं उतरले, तिकडं दक्षिणेला आगातला दुसरी फळी उतरली, मग दोघांना एकमेकांना गाठायचं होतं. सगळं बरोबर होतं. मग फोटो काढायचा म्हणून तिथल्या, युद्धात मेलेल्या-सोसलेल्यांच्या नावांच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका म्हातारीला मी जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली. तिचं बोट एका नावावर होतं, ते तिनं उचललं, आणि आमचा फोटो होईपर्यंत ती हात छातीशी धरून उभी राहिली.

तो फोटो माझ्याकडे आहे. कुणाला दाखवत नाही.

खाली व्हॅन थांबली होती, जहाज त्याच संध्याकाळी सुटणार होतं, पोरांना काहीतरी शिकवावं ही तळमळ खरी होती. मी मुद्दाम केलं नाही, हे आजही म्हणतो. पण आधी खाली उतरलो असतो तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं, हेही तितकंच खरं.

कारण त्या भिंतीवर नुसते सैनिक नाहीत. जपाननं 8 डिसेंबर 1941 ला बॉम्ब टाकले, 10 तारखेला बेट घेतलं, आणि त्यानंतर सुमारे 31 महिने चामोरो, म्हणजे बेटावरच्या मूळ, माणसांनी सक्तीची मजुरी केली, मार खाल्ला. शेवटी शेवटी त्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, पायी हाकत मानेंगोनच्या छावणीत नेलं. त्यांच्यातलेच पाद्री, फादर हेसूस बाझा ड्वेन्यास, यांचा शिरच्छेद 12 जुलै 1944 चा. मरीन उतरायला नऊ दिवस होते. नऊ दिवस! ही माणसं ना टेकडीवरच्या बाजूची, ना पुळणीवरच्या. बेट मात्र त्यांचं होतं. भिंतीवर क्रूझ हे एक आडनाव किती वेळा येतं, तेवढं मोज. आपल्या गोव्यातही हे आडनाव आहे, त्यामुळे वाचताना मला परकं वाटलं नाही.

पुढं काही वर्षांनी पुन्हा आप्राला गेलो तेव्हा एकटाच गेलो, आणि आधी असानच्या किनाऱ्यावर. पँट दुमडली, गुडघाभर पाण्यात गेलो आणि पाठ समुद्राकडे केली. डोंगर इतका जवळ होता! वरून जी पुळण लांब, चित्रासारखी वाटली होती, तिथं उभं राहिल्यावर लपायला काही म्हणजे काही नव्हतं. मग वर गेलो. त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही.

फोटो टाकू की नको, हे मला विचारू नकोस. हा प्रश्नच मला आवडला नाही. तू तिथं अर्धा तास होतास, त्यातली वीस मिनिटं फोनमध्ये गेली, हे तूच लिहिलंयस. रागावतोय असं वाटेल. रागावतोच आहे. माझी एक फेरी वाया गेली, तुझी जाऊ नये एवढंच.

तुमचं जहाज पुढच्या महिन्यात परत तिथं लागणार आहे म्हणतोस. सेकंड मेटकडून भरती-ओहोटीचं टेबल आधीच बघून ठेव आणि ओहोटीच्या वेळेला किनाऱ्यावर पोच, रीफ कुठवर आहे ते नीट कळेल. बूट काढून हातात घे. भिंतीशी कुणी उभं असेल तर त्यांचं होईपर्यंत लांब थांब. गँगवेवर परतायची वेळ तेवढी चुकवू नकोस.

तुझा,
सर