अडखळणाऱ्या मुलाला अडखळण्यावरच रिसर्च करायचाय, करू द्यावं का?

ताई, पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला, लहानपणापासून बोलताना अडखळतो आणि आता म्हणतोय की मला तोतरेपणावरच रिसर्च करायचाय, प्रोफेसर व्हायचंय. तुमचा प्रश्न असा की ज्याला हजेरीला ‘यस सर’ म्हणताना घाम फुटतो तो तासभर शिकवणार कसा, आणि यात पोट भरतं का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. या विषयाचा पाया घालणाऱ्यांतले बरेच जण स्वतःच अडखळायचे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन तसेच, आणि तिथूनच पीएचडी करून 1936 साली मिशिगनमध्ये क्लिनिक सुरू करणारे चार्ल्स व्हॅन रायपर पण तसेच, आणि दोघांनी आयुष्यभर शिकवलं. त्यामुळे ती भीती सोडा. पण त्याला एक विचारा, हे तू स्वतः बरं व्हायला करतोयस का? तसं असेल तर आधी चांगला स्पीच थेरपिस्ट गाठा, पीएचडी म्हणजे ट्रीटमेंट नाही.

आता तुम्ही सहज लिहून गेलाय की गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणताना तो एकदाही अडकत नाही. अहो, रिसर्च इथेच तर आहे! सगळ्यांबरोबर एका सुरात बोललं किंवा गायलं की बहुतेकांचं अडखळणं जवळपास गायब होतं, हे जगभर दिसलंय, जीभ तीच घसा तोच, मग एकट्याने बोलताना मेंदूत काय वेगळं होतं, शब्द शोधण्यात गडबड होते की उच्चार वेळेवर सुरू करण्यात, की समोरचा बघतोय याच्या टेन्शनने? आणि साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात पण मोठ्यांमध्ये जेमतेम 1 टक्का उरतात, तर बाकीच्यांचं आपोआप कसं सुटतं? 2010 मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून यातले जीन सापडले, तरी थोड्याच लोकांचा उलगडा झाला.

त्यात बराचसा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्यांवर झालाय. तिथे असं दिसलं की लहान मुलं ‘द’, ‘इन’, ‘आय’ असल्या बारक्या शब्दांवर जास्त अडकतात आणि मोठी माणसं नाम-क्रियापदांवर. आता आपलं ‘शाळेतल्यांसाठी’ घ्या, बारकं-मोठं सगळं एकाच शब्दात चिकटलेलं, मग तो हिशोब मराठीला लावायचा कसा? त्यात घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, तर कुठल्या भाषेत जास्त अडकतो आणि का? मराठीत यावर काम करायला भरपूर जागा आहे आणि तुमच्या पोराला ते आतून माहितीय.

रस्ते दोन. एक म्हणजे बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी, इंटर्नशिप धरून 4 वर्षं, मग 2 वर्षांचं मास्टर्स, मग पीएचडी. मुंबईत अली यावर जंग इन्स्टिट्यूट आणि नायर हॉस्पिटल, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि रिसर्चचंच डोक्यात असेल तर म्हैसूरचं आयश, म्हणजे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. प्रवेशाचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, नीटचा स्कोअर कुठे लागतो ते आत्ताच बघून ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे आधी पदवी, मग डेक्कन कॉलेजला भाषाशास्त्रात एमए किंवा गांधीनगर आयआयटीसारख्या ठिकाणी कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात त्याचा अभ्यास. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर पीएचडीला सुरुवातीला महिना 37,000 आहेत, पण ती मिळवायला घासावं लागतं.

माझं मत पहिल्या रस्त्याला. कारण प्रोफेसरच्या जागा मोजक्या निघतात, दहा-अकरा वर्षं अभ्यास करून वाट बघत बसायची वेळ येऊ शकते, पण आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन हातात असेल तर हॉस्पिटल, स्पेशल स्कूल, स्वतःचं क्लिनिक, कुठेही काम मिळतं. आणि पेशंट बघितल्याशिवाय या विषयातले चांगले प्रश्न सुचत नाहीत, हेही आहेच. मात्र भाषेचीच ओढ जास्त असेल आणि दवाखान्याचा कंटाळा असेल तर दुसरा रस्ता, उगाच जबरदस्ती नको.

परीक्षा झाल्यावर त्याला एखाद्या स्पीच थेरपी ओपीडीत विचारून चार दिवस बसू द्या, आणि द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या सेल्फ-हेल्प ग्रुपमध्ये जाऊ द्या, तिथे नोकरी करणारी, अडखळत का होईना बिनधास्त बोलणारी माणसं भेटतील. चौकशीचे फोन त्यालाच करू द्या. दुकानात त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करता असं लिहिलंय, ते तेवढं आजपासून बंद करा, वेळ लागला तर लागू दे.