न्यू जर्सीतलं मेटचन राहायला कसं आहे? लोक कोण, दिनक्रम कसा?

गाव टीचभर, जेमतेम सात चौरस किलोमीटर. चारी बाजूंनी एडिसन शहर आणि मध्ये हे बेट. १९०० साली वेगळा बरो, म्हणजे स्वतंत्र नगरपालिका, झाला. २०१० मध्ये वस्ती १३,५७४ होती, २०२० च्या जनगणनेत १५,०४९. 'ब्रेनी बरो' (हुशारांचं गाव) हे टोपणनाव जुनंच, इथे लेखक-कलावंत राहायचे तेव्हाचं. आजही प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत.

सगळा दिनक्रम स्टेशनाभोवती फिरतो. रूळ उंचावर, खालून मेन स्ट्रीट जातो. सकाळी पाठीला लॅपटॉप आणि हातात कॉफी घेऊन लोक जिना चढताना दिसतात. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला साधारण पाऊण तास लागतो. डोंबिवलीच्या माणसाला हे अंतर नवं नाही, गर्दी मात्र फारच किरकोळ वाटेल!

संध्याकाळी जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या ग्रीनवेवर, म्हणजे चालायच्या-सायकलच्या वाटेवर, सायकली, बाबागाड्या. कढीपत्ता संपला तर भारतीय दुकानांचा एडिसनचा ओक ट्री रोड गाडीने जवळच. आपली माणसं आसपास भरपूर भेटतील.

घरं महाग, आणि मालमत्ता कर तर विचारूच नका. रोज न्यूयॉर्कला जायचं नसेल तर मी एडिसनच बघेन.