व्हीआर हेडसेट घातलेल्या माणसाच्या भावना मनगटी सेन्सरवरून ओळखणारा फायनल इयर प्रोजेक्ट जमेल का?

तुम्ही विचारलंय की व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात असलेल्या माणसाची भीती, आनंद, राग आणि कंटाळा मनगटावरच्या सेन्सरवरून ओळखायचाय, पेपरांमध्ये ९०-९५ टक्के अचूकता दिसते, तर ऐरोलीच्या कॉलेजात बसून आपल्यालाही ती मिळेल का. चार भावना अशा वेगळ्या काढता येतील असं मला वाटत नाही. पण विषय सोडू नका, फक्त प्रश्न जरा बदला.

मी महाप्याला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. उंचीवर काम करणाऱ्या कामगारांसाठी आम्ही व्हीआरमधलं सुरक्षा प्रशिक्षण बनवतो. हेडसेट चढवला की माणूस थेट परांचीवर, पुढे एक अरुंद फळी आणि खाली रस्ता. हेडसेटखाली डोळे आणि भुवया झाकल्या जातात, त्यामुळे कॅमेऱ्याने चेहरा वाचायचा मार्गच बंद होतो. म्हणून नाडी आणि घाम.

घामाचं काम असं चालतं. माणूस दचकला किंवा उत्साहात आला की शरीराला सावध करणारी सिम्पथेटिक मज्जासंस्था घामग्रंथींना जागं करते आणि त्वचेतून वीज थोडी सहज वाहू लागते. हे मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. फळी हलल्यावर साधारण १ ते ३ सेकंदांनी आलेख उसळतो, तेव्हा प्रसंगाची वेळ आणि सेन्सरची वेळ एकाच घड्याळावर ठेवा. नाहीतर कुठली उसळी कशामुळे आली ते शोधत बसाल.

आता खरी अडचण. आमच्याकडे एकदा एकापाठोपाठ दोघांची चाचणी झाली. एक घणसोलीचा शिकाऊ मुलगा, दुसरे पन्नाशीचे वेल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. फळीच्या टोकाशी पोचताना दोघांचे आलेख इतके सारखे होते की नावं झाकली असती तर मला ओळखता आले नसते. मुलाने हेडसेट काढला आणि म्हणाला, ‘दादा, परत एकदा लावा ना!’ मामांनी काढला तेव्हा त्यांच्या पायाची बोटं चपलेत घट्ट आखडलेली होती. दोन्ही तळहात पँटला पुसून ते म्हणाले, ‘खाली लादी आहे हे मला माहीत होतं रे, तरी पाय उचलवेना.’

त्वचा सांगते ती खळबळ किती आहे ते. ती हवीशी आहे की नकोशी, हे ती सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० साली भावनांची मांडणी याच दोन अक्षांवर केली होती, सुखद-दुःखद आणि शांत-उत्तेजित. मनगटी पट्टा त्यातला दुसरा अक्ष बऱ्यापैकी पकडतो, पहिल्यावर अडखळतो. भुवया आक्रसणाऱ्या आणि गाल वर ओढणाऱ्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावले तर पहिल्याचाही थोडा अंदाज येतो, पण ते हेडसेटच्या कडेत बसवणं कॉलेजच्या बजेटात अवघड आहे. त्यापेक्षा माणसालाच विचारा. ब्रॅडली आणि लँग यांची १९९४ची सेल्फ-असेसमेंट मॅनिकिन नावाची चित्रांची पट्टी आहे, तिच्यावर नुसतं बोट ठेवायचं असतं. लांबलचक प्रश्नावली वाचायचा कंटाळा असलेला कामगारही ती दोन मिनिटांत देतो. प्रत्येक प्रसंग संपल्या-संपल्या विचारा, सगळं झाल्यावर नको. तोवर माणूस विसरतो.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. एका मे महिन्यात एसी बंद पडला असताना आम्ही चाचण्या उरकल्या. सगळ्यांचे आलेख हळूहळू चढत गेले आणि आम्ही ती वाढती भीती समजलो. तो नुसता उकाड्याचा घाम होता. तेव्हापासून स्टेशनवरून चालत आलेल्या माणसाला आधी दहा-पंधरा मिनिटं गार खोलीत बसवतो, मग हेडसेट घालून रिकाम्या, शांत दृश्यात पाच मिनिटं मोजणी, आणि पुढची प्रत्येक उसळी त्या पातळीशीच ताडून बघतो. व्हीआरमध्ये मळमळलं तरी घाम येतो, म्हणून ‘गरगरतंय का?’ हेही विचारून लिहून ठेवा.

सेन्सर कुठे लावता यावर बरंच अवलंबून आहे. घामग्रंथी तळहात-तळपायावर दाट असतात, मनगटावर कमी. पण हातात कंट्रोलर असला की बोटांवरचे इलेक्ट्रोड दाबले जातात आणि आलेख बिघडतो. एक हात मोकळा ठेवता आला तर त्याच्या बोटांवर लावा, नाहीतर पायाच्या आतल्या कडेला. संशोधनात वापरला गेलेला एम्पॅटिका ई४ पट्टा त्वचेची नोंद सेकंदाला ४ वेळा आणि नाडीची ६४ वेळा घेतो. तुम्हाला एवढ्या महागात जायची गरज नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाडीसाठी मॅक्स ३०१०२ (प्रकाशाने नाडी टिपणारं) किंवा एडी ८२३२ (ईसीजी घेणारं) मॉड्यूल शोधा आणि घामासाठी त्वचेची वाहकता मोजणारं वेगळं मॉड्यूल घ्या, शिकायला तेवढं पुरतं.

आणि त्या ९५ टक्क्यांबद्दल. पुष्कळदा एकाच माणसाच्या नोंदीचे छोटे तुकडे करून काही संगणकाच्या मॉडेलला शिकवायला, काही त्याच्या चाचणीत टाकलेले असतात. मॉडेल भावना शिकत नाही, तो माणूस ओळखायला शिकतं. तुम्ही दरवेळी एक माणूस पूर्ण बाहेर ठेवा आणि त्याच्यावरच तपासा. आकडा खाली येईल, येऊ दे. व्हायवात तोच सांगा आणि का खाली आला तेही सांगा. स्वतःच्या नोंदी सुरू करण्याआधी २०१८चा वेसॅड नावाचा, ताण आणि भावनांच्या सेन्सर-नोंदींचा तयार डेटासेट घ्या. त्यात १५ जणांच्या छातीवरच्या आणि मनगटावरच्या, दोन्ही नोंदी आहेत, त्यामुळे मनगटावर काय हरवतं ते डोळ्यांनी दिसतं.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. एका ग्राहकाने आमच्याकडे प्रत्येक कामगाराचा ‘भीतीचा स्कोअर’ मागितला होता, कोणाला कामावर ठेवायचं ते ठरवायला. आम्ही दिला नाही. मामांना फळीवर भीती वाटली, पण रोज हार्नेस दोनदा तपासणारे तेच आहेत. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणा फेब्रुवारी २०२५पासून बंद केल्यात, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी सोडून. तुमच्या वर्गमित्रांच्या नोंदीही तशाच जपा. नावाऐवजी क्रमांक टाका, संमतीपत्र मराठीत लिहा, सरांना कोणाचाही वैयक्तिक आलेख दाखवू नका. कोणी ‘काढा’ म्हणालं की हेडसेट लगेच काढा, नोंद अर्धवट राहिली तरी चालेल.