५५० किलोच्या टू-सीटर किट कारमध्ये ओम्नीच्या जागी कोणतं इंजिन बसवावं?

तुमची गाडी लोटस सेव्हनच्या, म्हणजे त्या जुन्या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची, सुटे भाग जमवून बनवलेली. पाईपची चेसी, फायबरची बॉडी, आत ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल. राहता साताऱ्यात. विचारलंय की १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन घालू की स्विफ्टचं १.३ डिझेल, डिफरन्सियल (मागच्या एक्सलमधला गिअरचा गोळा) बदलावा लागेल का, ब्रेक पुरतील का आणि एकूण खर्च किती. माझ्या आधी एका सद्गृहस्थांनी "डोळे झाकून डिझेल टाका, टॉर्क (फिरवायचा जोर) बघा" असं उत्तर दिलंय आणि ते पुष्कळांना पटलेलं दिसतंय. ते उत्तर नसतं तर मी लिहायच्या फंदात पडलो नसतो.

डिझेल टाकू नका. का, ते सांगतो.

माझं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. अशीच एक गाडी आमच्याकडे आहे, मी आणि माझे मेहुणे अशी दोघांची भागीदारी. मेहुण्यांचे ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहतात, त्यामुळे इंजिन म्हणजे लोड ओढायचं यंत्र अशी त्यांची पक्की समजूत. गाडी तुमच्यासारखीच ओम्नीच्या इंजिनावर बनवली होती. ३५ घोड्यांची असली तरी हलकी असल्यामुळे चालवायला झकास. पण हौसेला मोल नसतं. मेहुण्यांना एका ॲक्सिडेंटल स्विफ्टचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळालं आणि ते टेम्पोत घालून थेट शेडच्या दारात आले. "दाजी, १९० टॉर्क हाय बघा. तुमच्या पेट्रोलला शंभर तरी येतंय का?"

मी तेव्हाच सांगितलं होतं की हे इंजिन ह्या गाडीचं नव्हे. पण पैसे त्यांचे, बसवायला लागलं. स्विफ्टमध्ये ते आडवं बसतं, आपल्याला उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारं हवं. म्हणजे गिअरबॉक्स दुसरा. बोलेरोचा आणला. दोघांच्या मध्ये जाड ॲल्युमिनियमची ॲडाप्टर प्लेट मीच बोअर केली. डायल लावून सेंटर काढताना दोन रात्री गेल्या, कारण इथे केसभर जरी फरक राहिला तरी गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतो. काम चोख झालं, ते आजही कुणालाही दाखवीन. इंजिन चालू झालं, मेहुण्यांनी पेढे वाटले.

मग मी म्हटलं, आता वजन करू.

मार्केट यार्डात आमच्या ओळखीचे एक अडते आहेत. हळदीची पोती तोलायचे प्लॅटफॉर्म काटे त्यांच्याकडे चार. ओम्नीचं इंजिन असताना त्याच काट्यांवर गाडी मोजलेली होती आणि आकडे वहीत होते, एकूण ५४०, पुढे २४६, मागे २९४. पुन्हा तसंच केलं. काटे प्लायवूडचे तुकडे घालून एका लेव्हलला आणले, टायरची हवा सारखी केली, गाडी ढकलत चारही चाकं काट्यांवर चढवली. टायर पिवळे झाले. आकडे स्थिर झाल्यावर अडत्यांनी वाचून दाखवले. पुढचं डावं १७१, पुढचं उजवं १७१, मागे १४९ आणि १४९. एकूण ६४०. शंभर किलो वाढले आणि त्यातले ९६ पुढच्या चाकांवर. कारण साधं आहे. डिझेलचा ब्लॉक बिडाचा, नुसतं इंजिनच १३० किलोच्या आसपास. त्यावर बोलेरोचा गिअरबॉक्स, माझी प्लेट, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, मोठी बॅटरी. ज्या गाडीचं अर्ध्याहून जास्त वजन मागे होतं तिचं ५३ टक्के पुढे आलं.

मेहुणे म्हणाले, काटा मारतोय. झालं. अडते भडकले. "आमच्या काट्यावर वैधमापनचा शिक्का हाय, पाव्हणं. तुमच्या साखर कारखान्याचा काटा न्हाई ह्यो." त्यानंतर तिथे चहासुद्धा कुणी विचारला नाही.

रस्त्यावर काय झालं तेही ऐका. कुठल्या रस्त्यावर ते विचारू नका, चढ आहे, वळणं आहेत आणि पहाटे मेंढपाळांशिवाय कुणी नसतं. वळणात स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची, गाडी सरळच जायची. टर्बो १८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली झोपलेला. वळणाच्या मध्यावर तो जागा होणार, सगळा टॉर्क एकदम मागच्या चाकांवर येणार, आणि तुम्ही सावरून सरळ होईपर्यंत ४५०० आले, गिअर बदला. घाटात दर वळणाला हेच. सरळ रस्त्यावर ओढायची मस्त, ते नाकारत नाही. पण सरळ रस्त्यावर मस्त ओढायला मेहुण्यांकडे ट्रॅक्टर आहेत की.

आता टॉर्कचा हिशेब, एकदाचा मांडतो. स्विफ्ट डिझेल म्हणजे १२४८ सीसी, ४००० आरपीएमला ७५ पीएस (म्हणजे घोडे), २००० ला १९० एनएम (टॉर्कचं माप). १९० हा आकडा खरा, पण तो २००० चा. ४००० ला उरतात सुमारे १३२ एनएम. त्याच्यासमोर १.३ पेट्रोल घ्या, ६००० ला ८० पीएस, तिथे टॉर्क जेमतेम ९४. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पेट्रोल दीडपट आरपीएमला फिरतंय, म्हणजे त्याच वेगाला तुम्ही दीडपट आखूड गिअर लावू शकता, आणि गिअर जितका आखूड तितक्या पटीने चाकाला जोर जास्त. ९४ ची दीडपट करा, १४१ होतात. चाकाला डिझेलपेक्षा जास्तच मिळालं, आणि तेही हलक्या इंजिनातून. फ्लायव्हीलवरचा टॉर्क बघून इंजिन निवडणारा माणूस गिअरबॉक्स विसरलेला असतो. हे मी मेहुण्यांना वहीत लिहून दिलं. ते म्हणाले, कागदावर काय सगळंच होतंय.

म्हणून शेवटी वर्सा आणली. कागदावरचं रस्त्यावर दाखवायला.

मारुती वर्सा आठवते का? अमिताभ आणि अभिषेक दोघे जाहिरातीत होते तरी गाडी चालली नाही. पण तिच्यात एस्टीमच्या घराण्यातलं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह इंजिन होतं, ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा, आणि मुख्य म्हणजे इंजिन उभं, पाच गिअर, ड्राइव्ह मागच्या चाकांना. ॲडाप्टर प्लेट नाही, काही नाही. फाउंडेशन (इंजिन बसवायचे ब्रॅकेट) नवीन बनवली, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घेतला, संपला विषय. पुन्हा काट्यावर, एकूण ५६८, पुढे २७०, मागे २९८. अडत्यांनी ह्या खेपेला मेहुण्यांनाच आकडे वाचायला लावले.

आता गाडीच्या एका टन वजनाला किती घोडे पडतात ते काढा. ओम्नीवर ६५, डिझेलवर ११७, वर्सावर १४१.

तुम्हाला आता वर्सा मिळणं अवघड आहे, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. ईको घ्या. २०१० पासून येतेय, ११९६ सीसी, ७३ पीएस, मांडणी वर्साचीच. शाळेची व्हॅन म्हणून, रुग्णवाहिका म्हणून गावोगाव फिरतात, त्यामुळे ठोकलेल्या गाड्याही मिळतात. २०२२ च्या शेवटी तिला नवीन १.२ इंजिन आलं, ८० पीएसच्या आसपास, पण त्याची वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स जास्त किचकट, जुनंच बरं. नुसतं हाफ इंजिन (जोडसामान काढलेलं) उचलू नका, अख्खी ठोकलेली गाडी घ्या. वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), चावी, पेट्रोल पंप, पेडल सगळं एकाच गाडीचं हवं, नाहीतर इम्मोबिलायझरपाशी (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारं कुलूप) अडकाल आणि इलेक्ट्रिशियन तुम्हाला महिनाभर फिरवेल.

जिप्सीचं १.३ सुद्धा उत्तम बसतं. तिचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळा असतो, तो काढून टाकला की गिअरबॉक्समधून सरळ शाफ्ट मागे नेता येतो. पण जिप्सी २०१९ मध्ये बंद झाल्यापासून जिप्सीवाले एकेका पार्टसाठी भांडतात, भाव परवडणार नाहीत.

कुणीतरी जुन्या होंडा सिटीचं १.५ व्हीटेक सुचवेल. १०६ घोडे, देखणं इंजिन, मलाही मोह होतो. पण त्या होंडांची इंजिनं उलटी फिरतात. मारुतीच्या गिअरबॉक्सला जोडलंत तर पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळेल.

मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नाही आणि त्याचा क्लच दोन-तीनशे किलोसाठी केलेला. रेस ट्रॅकवर ठीक.

कमी घोड्यांची लाज वाटून घेऊ नका. १९५७ ची पहिली लोटस सेव्हन ११७२ सीसीच्या फोर्ड इंजिनावर, ४० घोड्यांवर निघाली. आणि २०१३ मध्ये, लोटसनंतर सेव्हन बनवणाऱ्या कॅटरहॅमने सेव्हन १६० काढली ती सुझुकीच्या ६६० सीसी तीन सिलिंडर टर्बोवर, ८० घोडे, ४९० किलो. मागचा सलग एक्सलसुद्धा सुझुकीच्या छोट्या व्हॅनचा. इंग्रज माणूस व्हॅनचा एक्सल लावतो तेव्हा ती परंपरा, आपण लावला की जुगाड. तुमच्या साताऱ्यात तर महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया बनायची. दीडशे सीसीवर डबलसीट घाट चढलेली माणसं अजून तिथे आहेत, त्यांना विचारा.

डिफरन्सियल बदलावा लागेल. ओम्नीचा एक्सल दुप्पट घोडे फार दिवस सोसणार नाही, त्यामुळे ईकोचा एक्सलही त्याच गाडीतून घ्या. रुंदी वेगळी आहे, ब्रॅकेट वेल्ड करायच्या आधी चाकं बॉडीच्या किती बाहेर येतात ते मोजा. व्हॅनचा क्राऊन-पिनियन (डिफरन्सियलमधली दातेरी जोडी) लोडसाठी केलेला, यवतेश्वरच्या चढाला मजा येईल पण हायवेला पाचव्या गिअरमध्येही इंजिन कोकलेल. थोडे मोठे टायर हा त्यावरचा स्वस्त उपाय. वळणात ऑइल एका बाजूला जातं म्हणून संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकात) पत्र्याचे आडवे बॅफल, म्हणजे पडदे, वेल्ड करून घ्या, हे विसरू नका. ब्रेकचं वेगळं लिहावं लागेल, इथे मावणार नाही. खर्च विचारलात, तो मिस्त्री कोण आहे आणि घरी किती खरं सांगता ह्यावर आहे.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. गाडीचं पासिंग झालंय का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीतल्या बदलांबद्दलचं. उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये हवे तसे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळवायचा तर पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांपर्यंत जावं लागतं. तुमचं साताऱ्याचं एमएच ११ असो की आमचं सांगलीचं एमएच १०, आरटीओत कुणी "बघू, करून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार. खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवा. आम्ही काय केलं ते मी वर लिहिलंय खरं, पण त्याचं अनुकरण करा असं म्हटलेलं नाही.

ते डिझेल इंजिन अजून माझ्या शेडमध्ये पॅलेटवर आहे, प्लेट आणि बोलेरोच्या गिअरबॉक्ससकट. मेहुणे न्यायला येत नाहीत, कारण नेलं की विषय संपला. वर ज्यांनी डिझेल सुचवलंय त्यांना हवं असेल तर घेऊन जावं, भाव मेहुण्यांशी बोलून ठरवावा. तुम्हाला मात्र इंजिन बदलायच्या आधी आणि नंतर गाडी मोजायची असेल तर सांगलीला आणा, काटे मिळवून देतो. फक्त फेब्रुवारी ते मे सोडून या. हळदीचा हंगाम असतो, तेव्हा अडते काट्याला हात लावू देत नाहीत.