लंडनहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा, फार चढ नसलेला सायकल मार्ग कोणता?

कॉट्सवोल्ड्स, पण त्याची पूर्वेची बाजू. या चुनखडीच्या टेकड्या पश्चिमेकडे कड्यासारख्या तुटतात आणि आग्नेयेकडे हळूहळू उतरत जातात. पश्चिमेचा क्लीव्ह हिल किंवा ब्रॉडवेचा चढ पहिल्याच दिवशी नको.

पॅडिंग्टनहून थेट गाडीने मोर्टन-इन-मार्श गाठा. सायकलची जागा तिकिटासोबतच राखून घ्या. तिथून एव्हनलोड, अ‍ॅडलस्ट्रॉप, किंगहॅम हा नदीच्या खोऱ्यातला टप्पा मला सगळ्यात आवडतो. दोन्हीकडे झुडपांची कुंपणं, मधे जेमतेम एका गाडीपुरता रस्ता, आणि चढ आलाच तरी पाय गरम होईपर्यंत संपतो. पुढे ब्लेडिंग्टन, विक रिसिंग्टनवरून बोर्टन-ऑन-द-वॉटर. तिथे उन्हाळ्यात फार गर्दी असते, पण चहा तिथेच, स्लॉटरच्या जुळ्या गावांकडे (लोअर आणि अपर स्लॉटर) निघण्याआधी उरकून घ्या. मग स्वेल, डॉनिंग्टन, लाँगबरो करत परत मोर्टन. साधारण 45 ते 50 किमी होतात. दमलात तर किंगहॅमलाही स्टेशन आहे, तिथूनच परतीची गाडी धरा.

ए429 मात्र टाळाच. नकाशावर तो सरळसोट आणि सोयीचा दिसतो (मूळचा रोमन रस्ता, फॉस वे), पण वाहनं भरधाव असतात.

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, त्यामुळे सवय करावी लागत नाही. अरुंद वळणांवर ट्रॅक्टर आणि चिखल दोन्ही अचानक समोर येतात, तेव्हा उतारावर ब्रेकवर बोटं ठेवा. टायर 28 मिमी रुंदीचे असले तर उत्तम.